शिल्पाला हात लागू द्या

आपल्या शहरांतील चौकांत उभ्या असलेल्या शिल्पांचे वर्णन एका वाक्यात करावयाचे झाल्यास, ‘लोखंडी जाळीच्या आत ठेवलेली वस्तू’ असे करावे लागेल. जाळीच्या आत चौथरा, चौथऱ्यावर शिल्प, त्याखाली उद्‌घाटकांच्या नावांची संगमरवरी पाटी आणि जाळीला अडकवलेली ‘हात लावू नये’ ही सूचना, असा हा सर्वत्र आढळणारा थाट आहे. थोर पुरुषांच्या पुतळ्यांबाबत हे अंतर समजण्यासारखे आहे. तेथे आदराचा प्रश्न असतो. परंतु कमानी, कारंजी, पोलादी पक्षी आणि फुले अशा ज्या वस्तू ‘सुशोभीकरण’ या सदराखाली उभ्या राहतात, त्यांनाही आपण तोच नियम लावतो. जनतेच्या पैशातून जनतेच्या जागेत उभारलेली वस्तू जनतेपासूनच राखावी लागते, ही विसंगती आता आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याविषयी कोणी प्रश्नही विचारीत नाही.

हा प्रश्न मराठवाड्यापुरता तरी आता विचारलाच पाहिजे, कारण बिडकीन येथे एक नवे नगर आकाराला येत आहे. नव्या नगराच्या चौकात काय उभे करावयाचे हे अद्याप आपल्या हातात आहे. एकदा जाळी बसली की ते हातातून गेले असे समजावे.

दोन बिडकीन

पैठण तालुक्यातील बिडकीन हे छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावरील जुने बाजाराचे गाव. फाल्गुनात नाथषष्ठीला निघालेल्या दिंड्यांचा हा रस्ता. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमधील शेंद्रा-बिडकीन औद्योगिक क्षेत्राचा मोठा वाटा येथे आला, आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी ७,८५५ एकरांचे बिडकीन औद्योगिक क्षेत्र पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण करण्यात आले. जेथे औत चालत होते तेथे आखीव रस्ते, विजेच्या वाहिन्या आणि कारखान्यांचे भूखंड आले.

अर्थशास्त्राच्या भाषेत हे जमिनीचे कमी उत्पादक वापरातून अधिक उत्पादक वापराकडे झालेले स्थलांतर होय. परंतु जमिनीबरोबर आणखीही काही स्थलांतरित होते. जमिनीचा मोबदला मिळाला म्हणजे व्यवहार पुरा झाला, असे सातबारा म्हणतो. माणसाचे मन तसे म्हणत नाही. ज्या बांधावरून बापजाद्यांची ये-जा होती तेथे आता सुरक्षारक्षक उभा असतो आणि ‘काय काम आहे?’ असे विचारतो. दुसरीकडे कामासाठी दूरदूरच्या जिल्ह्यांतून आणि प्रांतांतून आलेला कामगार खोलीवर राहतो, पाळीवर जातो आणि गावाशी त्याचा संबंध किराणा दुकानापुरता उरतो. जुने गाव आणि नवे नगर यांना विनाकारण, विनामूल्य आणि विनापरवाना एकत्र येता येईल अशी जागा नसेल, तर एका नावाची दोन गावे पाठीला पाठ लावून वाढतील. चौकातील शिल्पाचा विचार मी करतो आहे तो या संदर्भात. शोभेचा मुद्दा त्यात दुय्यम आहे.

स्पर्शाची जुनी परंपरा

लोकांनी हाताळावे असे शिल्प ही काही परदेशातून आणावयाची कल्पना नव्हे. आपल्या देवळांपुढील दीपमाळ घ्या. दगडी स्तंभ म्हणून ती उत्तम शिल्प आहेच. परंतु त्रिपुरी पौर्णिमेला माणसे तिच्या हातांवर पणत्या ठेवतात, तेल घालतात, आणि तेव्हा कोठे ते शिल्प पूर्ण होते. कित्येक गावांत मारुतीच्या देवळापाशी दगडाची जड गोटी पडलेली असे. ती उचलून दाखविणे ही तरुणांची परीक्षा आणि म्हाताऱ्यांची करमणूक होती. त्या गोटीला कोणी कलाकृती म्हटले नाही, पण गावाला एकत्र आणण्याचे काम तिने अनेक पुतळ्यांपेक्षा चोख केले. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की तर आपल्या डोळ्यांसमोरच आहे. दूरच्या डोंगरातून नळाने आणलेले पाणी उंचावरून सोडून त्याच्या जोरावर तेथे दळण दळले जाई. सौंदर्य आणि उपयोग यांची फारकत तिच्या रचनाकारांना ठाऊकच नव्हती.

वेरूळ-अजिंठ्याच्या लेण्यांना हात लावू नये हे योग्यच आहे. तो पुन्हा निर्माण न होणारा ठेवा आहे. पण पुराणवस्तूला लागू असलेला नियम आज घडविल्या जाणाऱ्या वस्तूला का लावावा? वेरूळच्या शिल्पींनी जो काळा पाषाण कोरला, तोच पाषाण बिडकीनच्या मातीखालीही आहे. तो राखीव ठेवण्याइतका दुर्मीळ नाही आणि सहज झिजण्याइतका मऊही नाही.

अलीकडचे प्रयोग

आधुनिक काळात या दिशेने महाराष्ट्रात झालेला एक प्रयोग विशेष उल्लेखनीय आहे. मुंबईत वरळी येथील नेहरू विज्ञान केंद्राने १९७९ मध्ये, आंतरराष्ट्रीय बालक वर्षात, उघड्या मैदानावर विज्ञान उद्यान सुरू केले. केंद्राची मुख्य इमारत जनतेसाठी खुली झाली ती त्यानंतर सहा वर्षांनी, १९८५ मध्ये. म्हणजे छपराच्या आधी अंगण तयार झाले. तरफ, कप्पी, लंबक, ध्वनी यांचे नियम मुलांनी ओढून, ढकलून, झोके घेऊन आणि कान लावून समजून घ्यावेत, ही त्यामागची दृष्टी. पुढे देशातील इतर विज्ञान केंद्रांनीही अशी उद्याने उभारली. ‘हात लावू नये’ऐवजी ‘हात लावून पाहा’ असे म्हणणारी सरकारी संस्था आपल्याकडे चालू शकते, हे त्या उद्यानाने सिद्ध केले.

जपानी-अमेरिकन शिल्पकार इसामू नोगुची याची कथा याच्या उलट बाजूची आहे. मुलांनी चढावे, घसरावे, लोळावे असा ‘खेळाचा डोंगर’ त्याने १९३३ मध्ये न्यूयॉर्कसाठी कल्पिला. शहराच्या उद्यान खात्याने तो हसून बाजूला सारला. अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर, १९८८ मध्ये, जपानमधील सप्पोरो शहराने त्याला कचरा-भरावाच्या जमिनीवर उद्यान आखण्यास सांगितले. आराखडा हाती देऊन त्याच वर्षाच्या अखेरीस नोगुची वारला. मोएरेनुमा नावाचे ते उद्यान २००५ मध्ये पूर्ण झाले, आणि त्यात तो खेळाचा डोंगर आहे. कल्पना एकच, एका नगरपालिकेला ती हास्यास्पद वाटली, दुसरीला वाटली नाही.

अशा शिल्पांत धोके नाहीत असे मात्र मुळीच नव्हे. लंडनच्या टेट कलादालनात १९७१ मध्ये रॉबर्ट मॉरिस या शिल्पकाराने प्रेक्षकांनी चढावे, तोल सांभाळावा, ढकलावे अशा लाकडी रचनांचे प्रदर्शन मांडले. लोक इतक्या उत्साहाने तुटून पडले की काहींना इजा झाल्या, रचना मोडल्या आणि प्रदर्शन आठवड्याच्या आत बंद करावे लागले. २००९ मध्ये तेच प्रदर्शन टेटने अधिक मजबूत व सुरक्षित स्वरूपात पुन्हा भरविले. यातून घ्यावयाचा बोध असा की, लोकांचा उत्साह हा अपवाद न मानता रचनेचे मूळ गृहीतक मानला पाहिजे. एका मुलासाठी केलेल्या झोक्यावर चार मुले बसणारच. जी वस्तू चार मुलांचे वजन सोसू शकत नाही, तिच्या मोडण्याचा दोष मुलांकडे जात नाही.

घसाऱ्याचे अर्थशास्त्र

येथे अर्थशास्त्रातील एक साधा भेद उपयोगी पडतो. चौकातील शिल्प एकाने पाहिल्याने दुसऱ्याच्या पाहण्यात काही उणे होत नाही. या अर्थाने ते सार्वजनिक हिताची वस्तू आहे. परंतु हाताळणे हे पाहण्यासारखे नाही. प्रत्येक स्पर्शाने वस्तू कणभर झिजते, प्रत्येक पावलाने कडा बोथट होते. म्हणजे हाताळता येणाऱ्या शिल्पाला घसारा आहे, आणि घसारा आहे तेथे दुरुस्तीची तरतूद असलीच पाहिजे. आपल्या आजी-पणज्यांना हे पुस्तकाविना कळत होते. जाते वापराने गुळगुळीत झाले की त्याला टाकी लावून घ्यावी लागे, आणि टाकी लावणारा कारागीर दारावर येत असे. जाते झिजते म्हणून त्याला जाळीत ठेवण्याची कल्पना कोणाच्या मनात आली नाही. झिजणे ही त्याच्या उपयोगाची पावती होती.

आपली सार्वजनिक अंदाजपत्रके मात्र नेमकी उलटी चालतात. भांडवली खर्चाला उद्‌घाटन असते, छायाचित्र असते, पाटी असते. देखभालीच्या खर्चाला यांपैकी काहीच नसते. शिकागो शहरातील ‘क्लाउड गेट’ हे पोलादी शिल्प मुंबईत जन्मलेल्या अनीश कपूर यांनी घडविले. आरशासारख्या त्याच्या पृष्ठभागात आपले रूप पाहण्यासाठी लोकांची रीघ लागते. त्याचा मूळ अंदाज ६० लाख डॉलरांचा होता. प्रत्यक्ष खर्च २ कोटी ३० लाख डॉलरांवर गेला. ही उधळपट्टी आपल्याला परवडणारी नाही. परंतु तेथील दुसरी एक गोष्ट अनुकरणीय आहे: लोकांचे हात लागतात तो खालचा सुमारे सहा फुटांचा भाग दिवसातून दोनदा हाताने पुसण्याची व्यवस्था ठेवण्यात आली. हात लावू नका असे सांगण्याऐवजी हातांचे ठसे पुसण्यासाठी माणूस नेमला गेला.

आपल्याकडील एक वेदनादायक उदाहरणही टाळता येत नाही. मालवणजवळ राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी, नऊ महिनेही पुरे होण्याआधी, कोसळला. जोडणीच्या नट-बोल्टांना गंज चढत असल्याचे सार्वजनिक बांधकाम विभागाने त्यापूर्वी काही दिवस लेखी कळविले होते. तो पुतळा होता आणि येथे विषय वेगळ्या प्रकारच्या शिल्पाचा आहे. तरीही धडा एकच आहे. अनावरणाची तारीख ठरते, पण पहिल्या तपासणीची तारीख ठरत नाही.

बिडकीनसाठी एक कल्पना

मग बिडकीनच्या चौकात काय असावे? चर्चेला आरंभ व्हावा म्हणून एक कल्पना मांडतो: जमिनीशी समतल बसविलेले, काळ्या पाषाणाचे असे छायायंत्र, ज्याचा काटा म्हणजे स्वतः उभा राहणारा माणूस.

जयपूरच्या वेधशाळेतील सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे; त्यात दगडी भिंतीची सावली वेळ दाखविते. मी म्हणतो त्या प्रकारात भिंत नसते. जमिनीवर एका लंबवर्तुळावर तासांचे दगड बसवितात आणि मधोमध दक्षिणोत्तर एक पट्टा आखतात. पट्ट्यावर वर्षाचे महिने कोरलेले असतात. चालू महिन्याच्या खुणेवर उभे राहावे. आपली सावली ज्या दगडाकडे वळेल ती वेळ. फ्रान्समध्ये बूर्ग-आं-ब्रेस येथील ब्रूच्या चर्चसमोर असे यंत्र आहे. लालांद या खगोलशास्त्रज्ञाने अठराव्या शतकात त्याची नव्याने मांडणी केली. या रचनेची खुबी अशी की, उभ्या राहणाऱ्याची उंची कितीही असली तरी वेळ बदलत नाही, कारण सावलीची लांबी पाहायची नसून दिशा पाहायची असते. पहिलीतील मुलगी, कारखान्याचा व्यवस्थापक आणि पाठीत वाकलेला म्हातारा शेतकरी या तिघांनाही हे यंत्र एकच उत्तर देते.

दुसरी खुबी अशी की हे शिल्प तयार नमुन्याच्या पुस्तकातून उचलता येत नाही. बिडकीन सुमारे पावणेवीस उत्तर अक्षांशावर आहे. तेथे पूर्व-पश्चिम १० मीटर लांबीचे लंबवर्तुळ आखले तर त्याची दक्षिणोत्तर रुंदी सुमारे ३.४ मीटर येते. तेच दिल्लीत आखले तर ४.८ मीटर येईल. म्हणजे दिल्लीचे यंत्र बिडकीनला चालत नाही आणि बिडकीनचे दिल्लीला. ते त्या गावचेच असते. शिवाय हा गाव कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने मेच्या आणि जुलैच्या उत्तरार्धात एकेक दिवस असा येतो की मध्यान्ही सावली पायाखालीच गडप होते. त्या दिवशी शाळेचा भूगोलाचा तास या चौकात भरला, तर मुलांना तो जन्मभर आठवेल.

महिन्यांच्या पट्ट्याच्या दुसऱ्या अंगाला मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य अशी पावसाची नक्षत्रे कोरावीत. शेतकऱ्याची ही नक्षत्रे सूर्यावरून चालतात, म्हणून ती या पट्ट्यावर अचूक बसतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उभे राहण्याची जागा आणि मृगाची जागा एकच. तासांच्या दगडांवर कारखान्यांच्या पाळ्यांच्या वेळाही दाखवाव्यात. येथे एक मौज आहे. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी पूर्व रेखांशाची, आणि बिडकीन सव्वापंचाहत्तरच्या आसपास. त्यामुळे बिडकीनचा सूर्य घड्याळापेक्षा सरासरी २९ मिनिटे मागे चालतो. फेब्रुवारीच्या मध्यास सूर्याची मध्यान्ह घड्याळात सुमारे १२ वाजून ४३ मिनिटांनी होते, तर नोव्हेंबरच्या आरंभी १२ वाजून १२ मिनिटांनी. शेताची दुपार आणि भोंग्याची दुपार यांतील हे अंतर शेजारच्या पाटीवर तक्त्याने मांडता येईल. ज्या गावाने एका पिढीत सूर्याची वेळ सोडून पाळीची वेळ धरली, त्याला आपला बदल आपल्या सावलीत वाचता यावा, याहून समर्पक शिल्प मला तरी सुचत नाही.

रचनेत एक अडचण आहे, ती लपवू नये. छायायंत्राला ऊन हवे आणि मराठवाड्यातील माणसाला सावली हवी. यावर उपाय असा की लिंबाची झाडे व त्यांभोवतीचा पार यंत्राच्या उत्तरेला असावा. सूर्य वर्षातील बहुतेक काळ दक्षिणेकडून जात असल्याने झाडांची सावली यंत्रावर फारशी पडणार नाही आणि पारावर बसलेल्यांना समोर खेळ पाहता येईल. दगड गुळगुळीत करू नये, टाकीच्या घडाईचा ठेवावा, म्हणजे पावसाळ्यात पाय घसरणार नाही. आकडे रंगवू नयेत, खोल कोरावेत. काही आकडे उठावाचे असावेत, म्हणजे न दिसणाऱ्याला बोटांनी वाचता येतील. कोठेही पायरी नसावी, म्हणजे चाकाची खुर्ची सरळ येईल. रात्री पुरेसा उजेड असावा आणि जागा रस्त्यावरून दिसावी. नाही तर स्त्रिया आणि मुली तेथे थांबणार नाहीत, आणि अर्धे गाव वगळणारी जागा सार्वजनिक म्हणवत नाही.

पैसा आणि अधिकार

‘वेळ तर प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे, मग हे कशाला?’ असे कोणी विचारील. मोबाइलमधील वेळ पाहण्यासाठी दोन माणसांना एका जागी यावे लागत नाही, हेच त्याचे उत्तर. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: पिण्याचे पाणी, दवाखाना, शाळा यांची निकड असताना शिल्पावर खर्च का? या निकडी आधीच्या आहेत, याबद्दल वाद नाही. परंतु सुशोभीकरणावर खर्च होतच असतो. प्रश्न तो जाळीतील पोलादी पक्ष्यावर व्हावा की लोकांच्या पायांखालच्या दगडावर, इतकाच आहे.

पैशाचा मार्ग अवघड नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात, आणि त्या कामांच्या यादीत कला व संस्कृती यांचा समावेश आहे. मात्र देणगी उभारणीसाठी घेतानाच देखभालीची ठेवही मागावी. समजा, सफाई, सांधे भरणे आणि कोरीव आकडे पुन्हा घडविणे यासाठी वर्षाला ५०,००० रुपये लागणार असतील आणि ठेवीवर महागाई वजा जाता ४ टक्के सुटणार असतील, तर साडेबारा लाखांची ठेव त्या शिल्पाला कायमची पुरेल. ही ठेव जमत नसेल तर शिल्प लहान करावे. ठेवीशिवाय मोठे करू नये.

अधिकाराचा प्रश्न पैशापेक्षा मोठा आहे. आराखडा मुंबईत किंवा दिल्लीत मंजूर होऊन ट्रकमधून येऊ नये. बिडकीनच्या ग्रामसभेत तो मांडला जावा. शाळेतील मुलांनी खडूने जमिनीवर तो आधी आखून पाहावा. वर्षभर त्या खुणांवर सावल्या तपासून मगच दगड बसवावेत. दगड घडविण्याचे काम जिल्ह्यातील पाथरवटांना द्यावे. आणि चौकात वाहने उभी करण्यास, फलक लावण्यास कायमची बंदी असावी, कारण छायायंत्राचा सर्वांत मोठा शत्रू वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक हाच असेल.

सातबाऱ्यावरून ज्यांची नावे गेली त्यांना ती जमीन परत मिळणार नाही. ते वास्तव कोणतेही शिल्प बदलू शकत नाही. पण त्या ७,८५५ एकरांत पायाखालचे दोन हात असे असावेत की जेथे उभे राहण्यासाठी कोणी ओळखपत्र मागणार नाही, आणि उभे राहिल्यावाचून ज्याचे काम पुरे होणार नाही. नियोजनकारांनी नकाशावर तेवढी जागा आजच मोकळी सोडावी. उद्या ती भूखंड म्हणून विकली गेलेली असेल.